आईच्या रिंगणातले त्रेसष्ट दगड

चिंचखारच्या धर्मा गावंडला वाचायचं वेड होतं, आणि तेही पुस्तकं वाचायचं नव्हे. पाट्या वाचायचं. एसटीची पाटी, दवाखान्याची पाटी, रेशनच्या दुकानातली शिल्लक मालाची पाटी, रस्त्याच्या कामाशेजारी ठेकेदार गवतात आडवी टाकून ठेवतो ती पाटी. शिक्षण चौथी नापास, पण लिहिलेलं काही दिसलं की त्याचे पाय थांबायचे. ओठ हलवत, बोट हवेत फिरवत तो शेवटच्या ओळीपर्यंत जायचा तेव्हा कुठे हलायचा. बरोबरची माणसं कंटाळून पुढे निघून जात. बायको ठमाबाई तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी पेणच्या बाजारात त्याला एका पाटीखाली सोडून एकटी घरी आली होती. "येतील, त्यांचा वाचून जाला की," असं तिने सासूला सांगितलं, आणि भात शिजवायला घेतला.

तोच धर्मा आता पंचाहत्तरीला आलाय आणि पाटी दिसली की तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. गावातली नवी पोरं म्हणतात, म्हाताऱ्याची नजर गेली. नजर काही गेलेली नाही. चांगली धडधाकट आहे, खाडीपलीकडचा बगळा दिसतो त्याला. गेलं ते दुसरंच काहीतरी, आणि ते कसं गेलं हे सांगायचं तर डोंगरापासून सुरुवात करावी लागेल.

चिंचखारच्या पुढ्यात खाडी आणि पाठीशी डोंगर. धर्माचा बाप, आजा, सगळे मिठागरातले. धर्मा तिशीला आला तेव्हा मिठागरं एका मोठ्या प्रकल्पात गेली आणि त्यावर भराव पडू लागला. भरावाला दगड कुठला, तर पाठीमागच्याच डोंगराचा. म्हणजे पुढचं बुजवायला मागचं खोदलं, आणि मध्ये गाव तेवढं राहिलं. मिठावर जगणारी माणसं खाणीवर जगायला लागली. धर्माला फाटकावर काम मिळालं, कारण त्याला मोजता यायचं. मिठागरात बायकांच्या डोक्यावरच्या मिठाच्या पाट्या तो कोळशाने रेघा मारून मोजायचा, तसेच इथे डंपर मोजायचे. फाटकाच्या खोलीची भिंत पांढरी होती. डंपर गेला की एक रेघ, पाचवी रेघ आडवी.

संध्याकाळी खाणवाल्या शेठचा कारकून यायचा, रेघा बघायचा आणि ओल्या फडक्याने भिंत पुसून टाकायचा. पहिले सहा महिने धर्माला वाटलं, माणूस टापटिपीचा आहे.

मग पावतीपुस्तकं आली. सरकारने सांगितलं, प्रत्येक डंपरबरोबर पावती पाहिजे, तिच्यावर गाडीचा नंबर, तारीख, वेळ, माल किती. धर्मा खूश झाला. पुसता न येणारी भिंत, असं तो म्हणायचा. पण चार दिवसांत त्याच्या लक्षात आलं की पावतीवर तारीख पेन्सिलीने आहे, आणि एकच पावती दिवसभर खालीवर फिरतेय. पुढे एकदा तपासणीला साहेब आले. शेठने खुर्ची दिली, शहाळं फोडलं. धर्माने काय करावं? सरळ पुढे होऊन सांगितलं, "सायेब, ही पावती सकालपासून चार टायमाला माज्या समोरशी गेली. ही बघा, माजीच पेनाची खून हाय हिच्या कोपऱ्यात." साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी धर्माला काम नव्हतं. शेठने त्याला एवढंच विचारलं, "तुला मोजायला ठेवला होता की बोलायला?"

तेव्हापासून धर्माने पोट खाडीवर भरलं आणि डोकं डोंगरावर ठेवलं. पहाटे जाळं टाकायचं, नेवटी, कोलंबी मिळेल ते ठमाबाई बाजारात बसून विकायची, आणि दुपारी हा कागद घेऊन बसायचा. माहितीचा अधिकार आला तसा याने पहिला अर्ज केला. एकच प्रश्न: चिंचखारच्या डोंगरातून आजपर्यंत किती दगड गेला? उत्तराला दोन वर्षं आणि दोन अपिलं लागली. आलेला कागद त्याने गावच्या पारावर वाचून दाखवला. गेलेला दगड इतका थोडा होता की त्या हिशेबाने डोंगर जवळजवळ अख्खा उभा असायला हवा होता. समोर बघावं तर डोंगराचा अर्धा भाग चावून खाल्लेल्या भाकरीसारखा. माणसं हसली. सदू घरत म्हणाला, "धर्मा, माज्या म्हशी तेवढ्या त्या कागदावरच्या डोंगरावर चरायला सोड रं."

धर्मा हसला नाही. त्याची एक श्रद्धा होती, आणि ती देवावरच्या श्रद्धेपेक्षा जुनी होती. चोरी अंधारात होते, उजेड पडला की थांबते, इतकी साधी. सगळं लिहा, सगळ्यांना दिसेल असं लिहा, मग बघू कोण कसा डोंगर खातो. या एका गोष्टीसाठी त्याने वीस वर्षं अलिबागच्या खेपा घातल्या, चपला झिजवल्या, गावची थट्टा ऐकली. मला विचाराल तर असल्या माणसाची देवानेच थट्टा करायची असते, आणि ती त्याने केली. त्याचं एकेक म्हणणं खरं करून केली.

आधी फाटकावर पाटी लागली. गट नंबर, क्षेत्र, मुदत, वर्षाला किती ब्रास दगड, तक्रार कुणाकडे. गावात बोललं गेलं, धर्माची पाटी. पहिल्या पावसात अक्षरं धुऊन गेली. धर्माने अर्ज केला, ऑइलपेंटची पाटी आली. मग वजनकाटा आला. मग फाटकावर आणि वर खाणीवर कॅमेरे आले. मग पावतीपुस्तक गेलं आणि पास मोबाईलवर आला, तोही अमुक तासच चालणारा. मग डंपरांत यंत्र बसलं, गाडी कुठे आहे ते कळणारं. धर्माचा मुलगा केतन याचा स्वतःचा डंपर त्याच खाणीवर होता. गावातल्या निम्म्या घरांचे होते. मीठ गेल्यावर दुसरं काय करणार? केतन जेवताना म्हणायचा, "बाबा, तुज्यापायी आता गाडी मुताया थांबली तरी अलिबागला कलतंय."

"आनि डोंगर कमी व्हतंय ते कलतंय का कोनाला?"

"त्याचं पन कलतंय की. रोजचं रोज."

पोरगा टोमणा मारत नव्हता, खरंच सांगत होता. रोज संध्याकाळी आकडा वर चढत होता, ज्याला पाहिजे त्याने बघावा. पूर्वी डोंगर चोरून जायचा, आता सांगून जायचा. पण जायचा मात्र पूर्वीच्या दुपटीने, कारण लपवाछपवीत जो वेळ जायचा तो आता वाचत होता.

तरी धर्माची हिंमत टिकली, कारण एक गोष्ट शाबूत होती. डोंगराच्या उजव्या खांद्यावर जाकमाता आईचं ठाणं होतं. देऊळ नाही, एक मोठी शिळा, तिच्या पायथ्याशी झरा. उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात तेव्हा तर सगळं गाव त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं. ठाण्याभोवती चांगलं मोठं रिंगण होतं, दगडांचं. प्रत्येक घराचा एक दगड. घर वेगळं झालं, भावाभावांची चूल निराळी पेटली, की वेगळ्या झालेल्याने पहिल्यांदा तिथे आपला दगड ठेवायचा आणि मगच नव्या चुलीवर भात चढवायचा. चैत्रातल्या जत्रेच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या दगडाला चुना लावायचा. पूर्वी खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना करत, आता पेणहून पिशवी येते. रिंगणाच्या आत कुणी काडी मोडत नसे. दारू पिऊन आलेला माणूससुद्धा तिथे पोचला की चपला हातात घ्यायचा. दगड होते त्रेसष्ट. गाव काही याहून फार मोठं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी शेठने खाण एका मोठ्या कंपनीला विकली. दगड आता समुद्रातल्या नव्या बंधाऱ्याला जाणार होता आणि त्या बंधाऱ्यात परदेशातल्या लोकांचे पैसे होते. हे परदेशी लोक म्हणे फार चौकस. दगड कुठून आला, कुणाला विचारून आणला, गावाला सांगितलं का, मोजणी उघड्यावर झाली का, हे सगळं ते विचारतात आणि लिहून मागतात. कंपनीचा मॅनेजर विनेश शेजारच्याच गावचा, आपल्यातलाच पोर. आल्या आल्या त्याने धर्माच्या पायांना हात लावला. "काका, तुमची सगली फाईल वाचलीय मी. तुमच्यासारखा मानूस आमाला पायजे." अलिबागला एका हॉटेलात पारदर्शकतेवर कार्यक्रम झाला, तिथे धर्माला गाडीतून नेलं, शाल दिली, नारळ दिला. थंडगार खोलीत कुणीतरी बाई पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होती की जगात पूर्वी तेलवाले आणि खाणवाले कुणाला काही सांगत नसत, आता कसं सगळं बदललं आहे. धर्माने पडद्यावरचं मराठी तेवढं सगळं वाचलं. घरी येऊन म्हणाला, "ठमे, जगात पन आपल्यासारखी मानसं हायत गो."

ठमाबाई शाल घडी करत होती. ती म्हणाली, "शाल देनारा मानूस मना तरी बरा वाटत न्हाय. आदी शाल, मंग खांदा." तिचं लिहिणं-वाचणं शून्य, म्हणून तिचं कुणी मनावर घेतलं नाही.

मग ड्रोनने मोजणी करायची ठरली. खाणीची हद्द नक्की करायची होती, कारण जुने हद्दीचे खांब जागेवर नव्हते. असणार कुठून? शेठने हद्द ओलांडून खणलं तेव्हा तेच पहिल्यांदा सुरुंगात उडाले होते. धर्माने अट घातली, मोजणी गावासमोर झाली पाहिजे आणि आईचं रिंगण नकाशावर आलं पाहिजे. विनेश म्हणाला, "काका, गाव कशाला, तुमीच चला. तुमीच पंच." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

चैत्राची जत्रा रविवारी झाली आणि मोजणीवाले मंगळवारी आले. दगडांवरचा चुना अजून हाताला लागत होता. मंगळवारीच का आले, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. डोक्यावर तो पंखा भिरभिरत होता आणि खाली धर्मा मोजणीच्या पोरांना एकेक दगड दाखवत फिरत होता. हा सदू घरताचा. हा बाळाजीचा, त्याची म्हातारी अजून जिवंत आहे. हा काशीचा, नवऱ्यामागे तिने एकटीने आणून ठेवला, डोक्यावरून. हा माझा. हा केतनचा, दोन वर्षांपूर्वी वेगळा राहिला तेव्हाचा. भर उन्हात पोरं दमली, धर्मा दमला नाही. त्याच्या उभ्या जन्मात कुणी साहेबाच्या माणसाने त्याचं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. एकाने तर त्याला चुन्याचं मडकं हातात घ्यायला लावून फोटोही काढला. मला त्या दिवसातला धर्मा आठवला की राग येतो, आणि राग नेमका कुणाचा करावा ते कळत नाही.

पंचनामा लिहिला गेला. धर्माने तो स्वतः वाचला, ओठ हलवत, बोट फिरवत. पाऊण तास लागला. डोंगरावर चुना लावलेल्या जुन्या दगडी खुणा त्रेसष्ट आढळल्या. त्या पूर्वापार त्याच जागी असल्याचे पंचांनी समक्ष दाखवले. सर्व खुणा ड्रोनद्वारे नोंदवण्यात आल्या. एक शब्द खोटा नव्हता. धर्माने सही केली, ती नेहमीसारखी, प्रत्येक अक्षर वेगळं काढून.

पाऊस गेला, दिवाळी गेली. पौषातल्या एका सकाळी ठमाबाई झऱ्यावर पाण्याला गेली आणि रिकामा हंडा घेऊन परत आली. तिने हंडा ओट्यावर ठेवला नाही, अंगणातच सोडला.

"अवो, आईच्या रिंगनात लाल बावटं लावल्यान. मानसं हायत आत. पायात बूट हायत त्यांच्या."

धर्मा वर गेला तेव्हा मशीन रिंगणाच्या कडेला येऊन उभं होतं. विनेश धावत खाली आला आणि पुन्हा पायांना हात लावू लागला, धर्माने पाय मागे घेतले.

"रिंगनात कसं शिरलात?"

विनेशने खिशातून मोबाईल काढला. पडद्यावर डोंगर होता, वरून बघितलेला, आणि त्याच्यावर पांढरे ठिपके. ठिपक्यांना जोडणारी एक लाल रेघ सगळ्यात पलीकडच्या दगडांवरून फिरून खाणीला येऊन मिळत होती. "काका, जुने खांब सापडले न्हाईत ना. मंग कायदा म्हनतंय, जाग्यावर ज्या जुन्या खुना हायत त्या धरा. खुना चुन्याच्या, खानीचे खांबपन चुन्याचे असतान. त्या तुमी दाखवल्या. तिथवर हद्द जाली."

"त्या आईच्या हायत. खानीच्या न्हाईत."

"पंचनाम्यात तसं लिवलंय कुटं?"

नव्हतं लिहिलेलं. धर्माला आख्खा पंचनामा तोंडपाठ होता. खुणा जुन्या आहेत हे लिहिलं होतं, कुणी लावल्या आणि कशासाठी हे त्यात नव्हतं. त्याला ते लिहायला सांगायचं सुचलंच नव्हतं, कारण चिंचखारमध्ये ते कुणाला सांगावं लागत नाही. रिंगण कशाचं आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लिहावं लागतं ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी. आणि कागद वाचणारे सगळे माहीत नसलेलेच होते.

"तुला तं म्हाईत व्हतं," धर्मा म्हणाला. "तुजी आज्जी ओटी भराया येत व्हती हितं."

विनेशने मान खाली घातली, पण बोलला ते ठरवलेलंच. "काका, सगलं वेबसाईटवर टाकलं व्हतं. नकाशा, नंबर, सगलं. तीस दिवस हरकतीला दिले. पंचायतीत नोटीस लावली. आमी काय लपवलं सांगा."

धर्मा तसाच पंचायतीत गेला. तिथे संगणकावर त्याचीच सून जागृती कामाला होती, केतनची बायको. तिने जुनी फाईल काढली, त्यातून कागद काढला आणि सासऱ्याच्या हातात दिला. नोटीस तिनेच छापली होती, तिनेच डकवली होती. असे कागद रोज येतात, ती डकवते.

कागद बघितल्याबरोबर धर्मा खाली बसला. त्याने ती नोटीस वाचली होती. पाटीवर लागली त्याच दिवशी. गावात ती वाचणारा तो एकटाच. वर गट नंबर, सुधारित क्षेत्र, खाली एकेका खुणेच्या जागेचे नुसते आकडे, लांबच लांब, टिंबं मध्ये असलेले, ओळीमागून ओळ. त्याला त्यातलं काही समजलं नव्हतं, पण त्याने ओळी मोजल्या होत्या. त्रेसष्ट भरल्या. त्रेसष्ट म्हणजे आईचं रिंगण, आलं सरकारी कागदावर. त्या दिवशी तो इतका हरखला होता की ठमाबाईला सांगून गूळ आणवला होता आणि दारात येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर खडा ठेवला होता. आपलंच मरण वाचून माणसाने गूळ वाटला. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

"बाबा, मना पन न्हाय कललं," जागृती रडत म्हणाली. "मी बारावी हाय, मना पन न्हाय कललं."

अलिबागच्या कचेरीतले अधिकारी भले होते, हे सांगायलाच हवं. त्यांनी धर्माला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकलं आणि स्वतः संगणकावर प्रकरण काढून दाखवलं. "आजोबा, तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण मला रद्द करायला काहीतरी खोटं सापडायला हवं. ही सही तुमची नाही का?"

"माजीच हाय."

"पंचनामा तुम्हाला वाचू दिला नाही?"

"दिला. पुरा वाचला."

"मग यात खोटं काय आहे तेवढं दाखवा. मी आज स्थगिती देतो."

धर्माने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. साहेब थांबले, त्यांनी घाई केली नाही. बाहेर माणसं खोळंबली. धर्माने कागद टेबलावर ठेवला आणि उठला. जन्मभर तो खोट्या कागदांशी भांडला होता आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पेन्सिलीची तारीख त्याने लांबून ओळखली असती. खऱ्या कागदाशी भांडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. निघताना साहेबांनी नक्कल दिली, फुकट. बरोबर कंपनीचं एक गुळगुळीत पुस्तकही दिलं, वार्षिक अहवाल, परदेशी लोकांना पाठवलेला. त्यात पानभर फोटो होता. हातात चुन्याचं मडकं घेतलेला धर्मा, हसरा, मागे पांढरे दगड. खाली लिहिलं होतं, खाणीची हद्द निश्चित करताना ग्रामस्थांचा सहभाग.

एसटीत त्याने ते पुस्तक मांडीखाली घेतलं आणि त्याच्यावर बसून घरी आला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कोनाड्यातली सुरी, नारळाचं सोडण आणि एक बादली घेऊन वर गेला. झऱ्याचं पाणी भरलं आणि स्वतःच्या दगडापासून सुरुवात केली. चुना खरवडायला लागला. वर्षानुवर्षांचा चुना, थरावर थर, बापाच्या हातचा, आजाच्या हातचा. पापुद्रे निघत होते आणि दगड काही दिसत नव्हता. एक दगड काळा करायला अर्धा तास लागला. मग बाळाजीचा. मग काशीचा. खालून विनेश ओरडत आला.

"काका, कशाला जीव काढताव? दगड आता लागत न्हाईत कोनाला. आकडे लागतान, ते साईटवर चढले."

धर्माने ऐकलं नाही. खांबावरचा कॅमेरा त्याच्याकडे वळला होता. हा कॅमेरा बसावा म्हणून एके काळी त्याने सात अर्ज केले होते. अकरा दगड झाले तेव्हा पोलिसांची गाडी आली. कंपनीची तक्रार होती, हद्दीच्या खुणा नष्ट केल्या.

शिपाई तरणा होता, आदबशीर. झाडाखाली बसून त्याने पंचनामा लिहिला. दोन पंच लागणार होते. एक खाणीवरचा काटेवाला उभा राहिला. गावातून दुसरं कुणी पुढे येईना. गर्दी बघून केतन डंपर थांबवून उतरला होता, शिपायाने त्यालाच बोलावलं. तो कुणाचा कोण, हे शिपायाला माहीत नव्हतं.

केतनने बापाकडे बघितलं. त्याचा डंपर त्याच फाटकातून आत जात होता, उद्याही जायचा होता.

"वाच आदी," धर्मा म्हणाला.

केतनने मोठ्याने वाचलं. धर्मा गावंड, वय पंचाहत्तर, हे सुरीने दगडावरील चुना काढताना समक्ष दिसले. अकरा दगड. हातांना चुना लागलेला. कॅमेऱ्यात नोंद आहे.

"खरं हाय," धर्मा म्हणाला. "कर सही." आणि केतनने सही केली. बापासारखीच, एकेक अक्षर वेगळं.

मग धर्माने शिपायाला हात जोडले. आयुष्यात त्याने कुणापुढे हात जोडले नव्हते, शेठपुढेही नाही. "बाला, एक ओल लिव तेवढी. मी हे कशापायी केलं, ती. एकच ओल."

शिपाई खरोखर ओशाळला. "बाबा, पंचनाम्यात दिसलं तेवढंच लिहायचं असतं. का केलं, ते त्यात येत नाही."

माघ संपायच्या आत आईची शिळा वाजतगाजत खाली आणली. कंपनीने रस्त्याच्या कडेला देऊळ बांधून दिलं, फरशीचं, आत पंखासुद्धा. रिंगण राहिलं नाही. कुणीतरी विचारलं, नवी चूल मांडली तर दगड आता कुठे ठेवायचा? शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात वर मोठा सुरुंग झाला, घरांच्या मांडणीतली भांडी खाली आली, आणि तिसऱ्या दिवशी झऱ्याचं पाणी दुसरीकडे कुठेतरी निघून गेलं. कुठे गेलं ते कुणालाच माहीत नाही. तेवढं एकच साईटवर नाही.

आता गावात टँकर येतो. कंपनीचाच. त्याच्या पाठीवर मोठी पाटी आहे, निळ्या रंगाची, ठळक अक्षरांची. किती लिटर, कुठून भरलं, तपासणी कधी झाली, तक्रार कुठे करायची. एवढी चांगली पाटी तालुक्यात दुसरी नसेल. काल ठमाबाई हंडा लावून उभी होती आणि धर्मा तिच्यासोबत आला होता, कारण भरला हंडा आता तिला उचलत नाही. पाण्याला कसलासा वास येत होता. तिने पदराने नाक पुसलं आणि पाटीकडे बघितलं.

"अवो, काय लिवलंय तिच्यावर? पियाचा हाय का न्हाय ह्या पानी?"

धर्मा पाटीकडे पाठ करून उभा होता, खाडीकडे बघत.

"खरंच लिवलं असंल," तो म्हणाला, आणि मागे वळून न बघता त्याने हंडा उचलला.